नाताळ यंदा गुरुवारी : सगळ्यांना चालेल अशी पंगत कशी मांडावी? (नागपूर)

निशिगंध | १० डिसेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. लिहिणं थोडं लांबेल, पण सल्ला मनापासून हवाय.

आमचं घर मोहननगरात, आम्ही मराठी ख्रिस्ती. नाताळचा फराळ आमच्याकडे दरवर्षी होतोच. करंज्या, चकल्या, शेव, अनारसे, कुलकुल असं ताट भरायचं, वर विणलेला रुमाल टाकायचा आणि पोरांच्या हाती घरोघरी धाडायचं. ताट कधी रिकामं परत येत नाही. कुणी साखर घालतं, कुणी संत्री. हे सगळं मला प्रिय आहेच, पण त्याहून प्रिय म्हणजे नाताळच्या संध्याकाळी शेजारीपाजारी माझ्या घरात जेवायला बसलेले असणं. आजेसासूबाईंपासून ही रीत आहे आणि ती मला मोडायची नाही.

यंदा २५ डिसेंबर गुरुवारी आलाय. पाहुणे असे. समोरचे काका-काकू, शेगावच्या गजानन महाराजांचे भक्त, गुरुवारी अंडंसुद्धा चालत नाही. यांचे एक मित्र, त्यांची बायको आणि मुलगी. मुस्लिम कुटुंब आहे, तेव्हा मांस हलाल हवं आणि केकमध्ये रम नको. खालच्या मजल्यावरचं मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंब, त्यांचा १ तारखेपासून नाताळचा उपास सुरू आहे, मांस-मासे-अंडी-दूध सगळं बंद, तो २५ ला सकाळीच सुटतो. शिवाय वर्ध्याहून नणंद आणि तिची मुलं. घरचे आम्ही सगळे खाणारे, सासूबाईंना तर नाताळला मटण हवंच.

आतापर्यंत टेबलाच्या मधोमध भाजलेली कोंबडी असायची आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी बाजूला पनीरची एखादी भाजी. मला ते पटत नाही. ज्याला मी आग्रहानं बोलावलं, त्याच्यासाठी मधोमध काहीच नाही, हे बरोबर नाही. मला असा एक पदार्थ हवाय जो ओव्हनमधून अख्खा निघेल, सगळ्यांसमोर कापला जाईल आणि सगळे खातील. साधनं : ३५ लिटरचा ओटीजी, तीन शेगड्यांचा गॅस, मोठा कुकर. सुचवा.

वऱ्हाडी_ठेचा | १० डिसेंबर, रात्री १०.१५

ताई, नमस्कार. मी सरळ सांगून राहिलो, राग मानू नका. डिसेंबरात नागपुरात कोणाले जेवाले बोलावलं तर सांबारवडी (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर) अन् पाटवडीचा रस्सा, बस्स. सांबार आता स्वस्त आहे, गोकुळपेठेत नाहीतर मंगळवारीत जुड्या घ्या. रस्सा सावजी पद्धतीचा झणझणीत करा, वर तर्री आली पाहिजे. हे सोडून ओव्हनच्या मागं काऊन लागता? ते इंग्रजांचं जेवण, आपलं नाही.

निशिगंध | १० डिसेंबर, रात्री १०.५०

वऱ्हाडी_ठेचा दादा, राग कशाला? सांबारवडी पक्की, ती सुरुवातीलाच वाढते. पाटवडीही विचारात आहे.

पण ओव्हनबद्दल एक सांगते. भाजलेलं काहीतरी मधोमध ठेवून सगळ्यांनी त्यातलं घेणं हा आमच्या घरी नाताळचाच भाग आहे. माझे सासरे प्रार्थना करायचे आणि मग स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या ताटात पहिला तुकडा ठेवायचे. ती जागा मला रिकामी ठेवायची नाही. जेवण कुठून आलं याचा मला प्रश्न पडत नाही. आमच्याकडे सावजी मटणही नाताळलाच होतं आणि करंजीही.

इतिहासवेडा | ११ डिसेंबर, सकाळी ८.०५

"इंग्रजांचं जेवण" यावरून थोडं विषयांतर करतो.

नागपुरातलं मिशनचं काम प्रामुख्यानं स्कॉटिश. स्टीफन हिस्लॉप १८४० च्या दशकात इथे आले, त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं. आणि स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळींमध्ये नाताळचा थाट नव्हताच. तिथे २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ मध्ये! म्हणजे ज्या मिशनऱ्यांनी इथे शाळा काढल्या, त्यांच्या मायदेशात नाताळचं मोठं जेवण ही काही सार्वत्रिक रीत नव्हती. मग आपल्याकडे ती आली कुठून? माझा अंदाज, एक वाट कामठीच्या छावणीतून (स्थापना १८२१) आणि दुसरी रेल्वेतून. नागपुरात रेल्वे १८६७ ला आली आणि तिच्यासोबत अँग्लो-इंडियन, गोवेकर, तमिळ, मल्याळी अशी माणसं आली. प्रत्येकानं आपापला नाताळ आणला.

आणि ज्याला आपण अस्सल इंग्रजी म्हणतो ती टर्की तरी कुठे इंग्लंडची? मूळ अमेरिकेतली, सोळाव्या शतकात तिकडे पोचली. त्यानंतरही कित्येक पिढ्या सामान्य घरात नाताळला हंस नाहीतर गोमांसच असायचं. तेव्हा निशिगंध ताई, तुमच्या टेबलावर जे ठेवाल ते नाताळचंच.

अजनी_कॉलनी | ११ डिसेंबर, सकाळी ११.२०

इतिहासवेडा, रेल्वेचं अगदी खरं. माझं बालपण अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. शेजारी अँग्लो-इंडियन आजी होत्या. त्यांच्याकडे नाताळला पिवळा भात आणि बॉल करी व्हायचीच. भात नारळाच्या दुधात, हळद घालून, वर तळलेला कांदा. बॉल करी म्हणजे खिम्याचे गोळे नारळ-टोमॅटोच्या रश्शात. सोबत आंबटगोड लाल चटणी, तिला त्या डेव्हिल चटणी म्हणायच्या : कांदा, लाल मिरची, बेदाणे, व्हिनेगर, साखर, सगळं कच्चंच वाटलेलं.

माझी आई हा भात बघून आली आणि म्हणाली, अगं, हा तर आपला गोळाभात! तेव्हापासून नाताळला ती आजींकडे डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात पाठवायची आणि तिकडून आमच्याकडे पिवळा भात यायचा.

म्हणून सुचवते : भात नारळाच्या दुधातला पिवळा, त्यावर आपले हरभऱ्याच्या डाळीचे वाफवलेले गोळे, बाजूला ती लाल चटणी. व्हिनेगरऐवजी लिंबू चालतं. अंडं नाही, मांस नाही, दूधही नाही.

निशिगंध | ११ डिसेंबर, दुपारी १.३०

अजनी_कॉलनी, हे मी नक्की करणार. डाळीचे गोळे तसे शाकाहारी पाहुण्यांना परके नाहीत, आणि आमच्या घरच्यांना ती चटणी नवीन असेल. वाटताना पाणी किती?

अजनी_कॉलनी | ११ डिसेंबर, दुपारी २.०५

पाणी अजिबात नाही. मिरच्या लिंबाच्या रसात भिजवून घ्या, तेवढाच ओलावा पुरतो. कांदा शेवटी घाला आणि एकदाच फिरवा, फार वाटला तर कडू होतो. त्याच दिवशी खायची, मुरवायची नाही.

धरमपेठी | ११ डिसेंबर, रात्री ८.३०

मधोमध ठेवायला अख्खं भरलेलं कोहळं करा. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी : लाल भोपळा.) मी हे दोन-तीन हिवाळे करतेय आणि मांसाहारी पाहुणेसुद्धा दुसऱ्यांदा मागतात. सविस्तर लिहिते, कारण यात बारकावे आहेत.

कोहळं दोन किलोच्या आसपास, चपट्या बसक्या आकाराचं, देठ असलेलं, सालीवर डाग नसलेलं. उभट घेऊ नका, ओव्हनमध्ये डुलतं. ३५ लिटरच्या ओटीजीत दोन किलोचं सहज बसतं, पण आणायच्या आधी जाळीपासून वरच्या कॉइलपर्यंतची उंची मोजा आणि कोहळं त्याहून किमान तीन बोटं बुटकं घ्या, नाहीतर देठ जळतो.

वरचं झाकण सुरी तिरकी धरून, आतल्या बाजूला उतार देत कापायचं. सरळ कापलं तर भाजल्यावर झाकण आकसतं आणि आत पडतं. बिया आणि धागे मोठ्या चमच्यानं खरवडून काढा. बिया फेकू नका, धुऊन वाळवून मीठ लावून भाजल्या की मुलं खातात. आतून मीठ, मिरपूड, तेल चोळा. आता सगळ्यात महत्त्वाचं : रिकामंच, झाकण बाजूला ठेवून, १९० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. कोहळ्याला भरपूर पाणी सुटतं. ते वाटीत ओतून घ्या. हे केलं नाही तर सारण गचगचीत होतं. ते पाणी गोडसर असतं, रश्शाला वापरा.

सारण : भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ पाऊण शिजवून, सुवासिक असतो आणि गोळा धरतो. त्यात तुरीचे ताजे सोले वाफवून, परतलेला कांदा-लसूण, अक्रोड, बेदाणे, भरपूर सांबार, मिरपूड, जायफळ आणि संत्र्याची किसलेली साल, फक्त केशरी भाग. सारण गच्च दाबून भरू नका, तांदूळ अजून फुगायचा असतो. झाकण लावून आणखी ४० ते ४५ मिनिटं. सुरी सालीतून लोण्यासारखी गेली की झालं. बाहेर काढून पंधरा मिनिटं तसंच ठेवा आणि मग कलिंगडासारख्या उभ्या फाका कापा.

आणखी एक. ज्या ताटलीत टेबलावर ठेवायचं, शक्यतो तिच्यातच भाजा. मऊ झालेलं कोहळं उचलायला गेलात तर बूड सुटतं. ओव्हनमध्ये चालणारी ताटली नसेल तर ट्रेवर फॉइलची दुहेरी पट्टी आडवी-उभी टाकून त्यावर ठेवा, म्हणजे पट्ट्या धरून उचलता येतं.

निशिगंध | ११ डिसेंबर, रात्री ९.१०

धरमपेठी, हेच! अगदी हेच हवं होतं. मल्याळी कुटुंबाचा उपास तोवर सुटलेला असेल, पण तसंही यात दूध-अंडं काही नाही. सोले बर्डीवर आलेच आहेत. उद्याच एक छोटं कोहळं आणून करून बघते.

आता केक.

सोनचाफा | १२ डिसेंबर, सकाळी ९.३०

केकला उशीर झाला ना ताई? सुकामेवा रममध्ये महिनाभर भिजवतात असं ऐकलंय. इंग्लंडमध्ये तर आगमनकाळ सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी पुडिंग ढवळायची प्रथा आहे, म्हणजे नोव्हेंबरातच.

निशिगंध | १२ डिसेंबर, दुपारी १२.१५

सोनचाफा, रमचा केक असेल तर खरंच तेवढा वेळ हवा. पण आमच्या घरी पूर्वापार संत्र्याच्या रसात भिजवतात. नणंदेकडे वर्ध्यात तर दारूबंदीच, तिच्या सासरी रमचा केक कधी झालाच नाही आणि कुणाचं काही अडलं नाही. रसात भिजवलेला मेवा फ्रीजमध्ये ठेवायचा आणि तीन-चार दिवसांत वापरायचा, जास्त ठेवला तर आंबतो. म्हणजे माझ्या हाती भरपूर दिवस आहेत.

सुकामेवा मी मस्कासाथेतून आणते. काळे मनुके, बेदाणे, खजूर, जर्दाळू, काजू मिळून अर्धा किलो. टुटीफ्रुटी घालत नाही, ती कच्च्या पपईची रंगीत साखरच असते. त्याऐवजी संत्र्याची पाकवलेली साल.

अंड्याशिवाय : मैदा २५० ग्रॅम, घट्ट दही २०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, तेल १२० मिली, संत्र्याचा रस १०० मिली, बेकिंग पावडर दीड चमचा, खायचा सोडा अर्धा चमचा, दालचिनी-लवंग-जायफळाची पूड. काळपट रंगासाठी थोडी साखर कोरडी जाळून त्यात गरम पाणी ओततात, ते जपून, उसळतं. १६० अंशांवर तास-सव्वा तास. मेवा आधी मैद्यात घोळवून घ्या, म्हणजे तळाशी बसत नाही.

व्हॅनिला इसेन्स बहुतेक अल्कोहोलमध्ये असतो, म्हणून या केकला तो नको. वेलची आणि संत्र्याची साल पुरे. पाहुण्यांमध्ये शाकाहारी किंवा मुस्लिम असतील तर जेली आणि मार्शमेलोसुद्धा टाळा, त्यात जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून येतं. मुलांसाठी आणताना हे हमखास नजरेतून सुटतं.

काटोल_बागाईत | १२ डिसेंबर, रात्री ७.५०

संत्र्याचं निघालं म्हणून लिहितो. आमची बाग काटोलकडं आहे. आता बाजारात आहे तो आंबिया बहार, मृगाचा माल फेब्रुवारी-मार्चात येईल. केकला आंबियाचा चांगला, आंबटपणा असतो त्याले.

ताई, रस काढता तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. एक, मिक्सरात फोडी टाकून फिरवू नका. बी अन् फोडीचा पडदा चिरडला की रस ठेवल्यावर कडू होते. लगेच प्याल तर कळत नाही, तासाभरानं कळते. लिमोनिन म्हणून घटक असते त्याच्यात. आमच्याकडं लिंबूवर्गीय संशोधन संस्थेची माणसं हेच समजावून सांगतात. हातानं पिळा, गाळा, लगेच मेव्यावर ओता. दोन, साल वापरायची तर संत्री कोमट मिठाच्या पाण्यात घासून धुवा. फवारे मारलेले असतात अन् चमक यावी म्हणून मेणही लावतात.

आपल्या संत्र्याची साल पातळ अन् सुटी असते, पाकात छान होते. तीनदा पाणी बदलून उकळा, दरवेळी पाच मिनिटं, म्हणजे कडवटपणा जाते. मग सालीइतकीच साखर अन् बुडेल इतकं पाणी घालून मंद आचेवर. काचेसारखी आरपार दिसाले लागली की उतरवा, जाळीवर वाळवा.

निशिगंध | १२ डिसेंबर, रात्री ९.००

दादा, कडवटपणाचं कारण आज कळलं. मनापासून आभार.

खाकरा_फॅन | १३ डिसेंबर, सकाळी १०.४०

एक विचारू? सगळं शाकाहारी करताय, पण नाताळ तुमचा आहे. घरच्यांनी सणाच्या दिवशी मन का मारायचं? कोंबडी टेबलाच्या एका टोकाला आणि कोहळं दुसऱ्या टोकाला ठेवलं तर? ज्याला जे हवं ते घेईल.

देवघर | १३ डिसेंबर, सकाळी ११.२५

मी स्वतः गुरुवार पाळते, म्हणून माझं सांगते. शेजारच्या ताटात कोंबडी असली तर मला त्रास नाही. मला खुपतं ते भांड्यांचं. एकच चमचा दोन्हीकडे फिरला किंवा कोंबडीच्या रसातले बटाटे "हे व्हेज आहेत" म्हणून वाढले, की मी जेवत नाही आणि यजमानाला सांगायचंही जिवावर येतं. मग पोट बिघडलंय वगैरे काहीतरी बोलायचं. पण प्रत्येकाचं पाळणं सारखं नसतं, माझ्या जाऊबाई त्या खोलीतही बसणार नाहीत. तेव्हा तुमच्या काकूंनाच विचारा. विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

निशिगंध | १४ डिसेंबर, रात्री ९.२०

देवघर ताई, काल जाऊन विचारलं. काकू आधी म्हणाल्या, "अगं आम्ही नुसता केक खाऊन जाऊ, आमच्यासाठी कशाला त्रास?" मी म्हटलं, मला तुम्ही जेवायला हव्यात. मग मोकळेपणानं बोलल्या. मांस त्याच टेबलावर असलं तर काकांच्या घशाखाली घास उतरत नाही, पण आजवर सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं ते आमच्याकडे येऊन थोडंसंच खाऊन जायचे, त्याचं कारण हे.

खाकरा_फॅन, तुमचा मुद्दा मला कळतो. घरीही हीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलंय : २५ ला सकाळच्या उपासनेहून आलो की दुपारी घरच्यांपुरतं सावजी मटण, गॅसवर, वेगळ्या पातेल्यात. संध्याकाळची पंगत पूर्ण शाकाहारी. आणि कोंबडी २६ ला, शुक्रवारी. यांचे मित्र त्या दिवशी पुन्हा येतील, कोंबडी हलालच आणणार. सासूबाईंना हे सगळं मान्य आहे, मटण त्या स्वतः करणार आहेत.

शेजाऱ्याला जेवायला बोलवायचं तर त्याला पोटभर जेवता आलं पाहिजे, माझ्यासाठी नाताळचं जेवण तेच आहे. यात मन मारणं मला वाटत नाही.

सोनचाफा | १५ डिसेंबर, सकाळी १०.१०

२६ च्या कोंबडीसाठी माझं सांगते. चिकनवाल्याला दोन दिवस आधी सांगून ठेवा, सालीसकट आणि अख्खी हवी. आपल्याकडे न विचारता साल काढून तुकडे करतात. सव्वा ते दीड किलोची घ्या, त्याहून मोठी ओटीजीत नीट भाजत नाही. आदल्या रात्री २० ग्रॅम मीठ आतून-बाहेरून चोळून फ्रीजमध्ये उघडीच ठेवा, साल कोरडी पडली की कुरकुरीत होते. २०० अंशांवर साधारण सव्वा तास. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर ७४ अंश दाखवेल तेव्हा काढा. थर्मामीटर नसेल तर तिथे टोचून बघा, रस पांढरा-स्वच्छ आला पाहिजे, गुलाबी नको. कापायच्या आधी पंधरा मिनिटं थांबा.

आणि ओटीजी १५ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. त्याच पॉईंटवर गीझर किंवा इंडक्शन नको. डिसेंबरात घरोघरी हीटर आणि गीझर असतात, ऐन वेळी फ्यूज उडायला नको.

वऱ्हाडी_ठेचा | १५ डिसेंबर, रात्री ८.४५

ताई, कोहळ्याचं वाचून माही बायको म्हणे आपणही करू. सोबत रस्सा काय देणार? कोरडं वाटन ना ते.

निशिगंध | १६ डिसेंबर, दुपारी ३.३०

दादा, पाटवडी बाजूला ठेवली, पण तुमचा रस्सा घेतला! दोन मोठे कांदे उभे चिरून अगदी मंद आचेवर पाऊण तास, तपकिरी होईपर्यंत. त्यात चमचाभर मैदा परतायचा, मग धरमपेठींनी सांगितलेलं कोहळ्याचं सुटलेलं पाणी, टोमॅटोचा रस आणि चिमूटभर सावजी काळा मसाला. गाळायचा नाही. छोटं कोहळं करून बघितलं तेव्हा हा रस्सा केला होता, पोरांनी तो भातावरही घेतला.

संध्याकाळचं वेळापत्रक असं मांडलंय. जेवण साडेआठला. केक २३ ला होईल, डाळीचे गोळे २४ ला वाफवून फ्रीजमध्ये. २५ ला साडेपाचला रिकामं कोहळं ओव्हनमध्ये, सव्वासहाला पाणी काढून बाहेर, भरून पावणेसातला परत आत. साडेसातला बाहेर, झाकून ठेवायचं. दोन किलोचं कोहळं तासभर गरम राहतं. मोकळ्या ओव्हनमध्ये बटाटे : उकडून, चाळणीत हलवून कडा खरबरीत करून, तापलेल्या तेलात घोळवून २२० अंशांवर ४० मिनिटं. त्याच वेळात गॅसवर भात आणि रस्सा, तिसऱ्या शेगडीवर सांबारवडी तळायची. चटणी आठला.

धरमपेठी | १६ डिसेंबर, संध्याकाळी ५.००

वेळापत्रक उत्तम. फक्त थंडी धरा. नागपूरची डिसेंबरची थंडी जेवण पटकन गार करते. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर गेला होता, आठवतंय ना? ताटल्या गरम पाण्यातून काढून पुसून मांडा आणि कोहळ्यावर फॉइल, त्यावर जाड टॉवेल.

निशिगंध | २७ डिसेंबर, सकाळी ११.००

सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा, उशिरानं का होईना. कसं झालं ते सांगायला आले.

कोहळं ताटलीत अख्खं आलं. देठ थोडा काळा झाला होता, साल गडद तांबूस आणि चकचकीत. सासूबाईंनी प्रार्थना केली. सासरे गेल्यापासून पहिला तुकडा त्याच वाढतात. सुरी घातल्यावर आतून वाफ आली आणि संत्र्याच्या सालीचा वास टेबलभर गेला. पहिली फाक त्यांनी समोरच्या काकांच्या ताटात ठेवली. काकांनी दोनदा घेतलं, भातही घेतला, आणि लाल चटणी खाऊन डोळ्यांत पाणी आलं तरी ती ताटात परत मागितली. काकूंनी सारणाची कृती लिहून नेली.

यांच्या मित्राच्या मुलीनं कोहळ्याच्या भाजलेल्या बियांची वाटी एकटीनं संपवली. मल्याळी वहिनी सकाळी उपास सोडताना केलेल्या अप्पम आणि स्ट्यूमधलं थोडं डब्यात घेऊन आल्या होत्या. स्ट्यू मटणाचा, म्हणून तो त्यांनी स्वतःच बाजूला स्वयंपाकघरात ठेवला आणि अप्पम टेबलावर आणले. कोहळ्याच्या रश्शात बुडवून अप्पम, हे मी आता दरवर्षी करणार.

रस्सा कमी पडला. सहा कांद्यांचा हवा. बाकी सगळं पुरलं.

वऱ्हाडी_ठेचा | २७ डिसेंबर, दुपारी १२.३०

वा ताई! काका जेवले हे वाचून लय बरं वाटलं. आमच्याकडंही झालं कोहळं, पण आमचं बूड सुटलं. ट्रेवर नुसतंच ठेवलं होतं, पट्ट्या नव्हत्या टाकल्या. चव मात्र एक नंबर. आईनं परातीत उलटून सरळ वाढलं.

इतिहासवेडा | २७ डिसेंबर, दुपारी ४.१५

२६ च्या कोंबडीचं काय झालं?

निशिगंध | २७ डिसेंबर, रात्री ८.२०

छान झाली, सोनचाफाच्या पद्धतीनंच. हाडं टाकली नाहीत. कांदा, गाजर, मिरी, तमालपत्र घालून दोन तास उकळली, त्या पाण्यात आज उरलेल्या चिन्नोरचा पुलाव लावलाय.

देवघर | २७ डिसेंबर, रात्री ९.०५

निशिगंध, उरलेल्या कोहळ्याच्या फाका किती दिवस टिकतील? मी उद्या करतेय आणि घरी आम्ही दोघंच.

निशिगंध | २७ डिसेंबर, रात्री ९.३०

देवघर ताई, सारणात भात आहे, म्हणून गार होताच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. दोघांसाठी एक किलोचं कोहळं घ्या, रिकामं २५ मिनिटं आणि भरून ३० मिनिटं पुरेल. उरलेला गर सारणासकट कुस्करून त्यात ज्वारीचं पीठ घातलं की सकाळी थालीपीठ होतं. आम्ही काल तेच केलं.